१.९५ ची एक फुली : उंच उडीतील बरोबरी आणि चौथा क्रमांक

आशिया खंडातील एका आंतरराष्ट्रीय कनिष्ठ मैदानी स्पर्धेत, वीस वर्षांखालील मुलांच्या उंच उडीत, नाशिकमध्ये सराव करणारा एक खेळाडू २.०९ मीटर उंची पार करूनही चौथा आला आणि तेवढीच उंची पार केलेल्या दुसऱ्या देशाच्या खेळाडूला कांस्यपदक मिळाले. पंचांचा निर्णय नियमाला धरून होता आणि त्याविषयी कोणतीही तक्रार नाही. तरीही हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले, कारण ते नीट समजून घेतल्याशिवाय उंच उडीच्या आपल्या सरावात एक मोठी उणीव राहते, आणि ती उणीव नाशिकच्या मैदानांवर रोज दिसते. खेळाडूची ओळख उघड होऊ नये म्हणून त्याचे नाव, स्पर्धेचे नाव आणि वर्ष दिलेले नाही, आणि काही तपशील बदलून घेतले आहेत.

मुलगा सिन्नर तालुक्यातला. दहावीनंतर नाशिकला वसतिगृहात राहून तो सराव करू लागला. स्पर्धेला जाण्यापूर्वीची त्याची सर्वोत्तम कामगिरी २.१० मीटर होती. म्हणजे परदेशात, पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, तो स्वतःच्या सर्वोत्तम उंचीपासून केवळ एक सेंटिमीटर खाली राहिला. वयाच्या या टप्प्यावर ही कामगिरी उत्तमच म्हणावी लागेल. निकाल कळल्यावर त्याच्या वडिलांनी मला फोनवर विचारले, "सर, पोरगं त्याच्याएवढंच उडालं ना? मग पदक त्याला कसं काय?" हा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते.

नोंदतक्ता

उंच उडीच्या तक्त्यात प्रत्येक उंचीसमोर पार केलेल्या उडीसाठी गोळा, फसलेल्या उडीसाठी फुली आणि सोडलेल्या उडीसाठी आडवी रेघ अशा खुणा करतात. या स्पर्धेत काठी १.९५, २.००, २.०५, २.०९, २.१२ आणि २.१५ अशी चढत गेली. सुवर्णविजेत्याने २.१५ पर्यंत आणि रौप्यविजेत्याने २.१२ पर्यंत मजल मारली. त्यांच्या खाली तीन मुले २.०९ वर अडली. त्या तिघांच्या नोंदी अशा होत्या :

तिसरा : १.९५ वर –, २.०० वर ○, २.०५ वर ×○, २.०९ वर ○, २.१२ वर ×××

चौथा (आपला खेळाडू) : १.९५ वर ×○, २.०० वर ○, २.०५ वर ×○, २.०९ वर ○, २.१२ वर ×××

पाचवा : १.९५ वर –, २.०० वर ○, २.०५ वर ○, २.०९ वर ×○, २.१२ वर ×××

उंची सारखी असेल तर जागतिक नियमाप्रमाणे आधी एकच गोष्ट पाहतात : शेवटी पार केलेल्या उंचीवर कोणाच्या फुल्या कमी आहेत. २.०९ वर तिसऱ्या आणि चौथ्या खेळाडूची एकही फुली नाही, पाचव्याची एक आहे. म्हणून पाचवा इथेच मागे पडला. २.०९ पर्यंत त्याच्याकडून एकच उडी फसली होती आणि आपल्या खेळाडूकडून त्याच उंचीपर्यंत दोन, तरीही तो मागे राहिला, कारण पहिली कसोटी निर्णायक ठरली की दुसऱ्या कसोटीकडे जातच नाहीत. हा बारकावा अनेक क्रीडाशिक्षकांनाही नीट ठाऊक नसतो. एकूण फुल्या मोजून क्रम लावण्याची चूक जिल्हा पातळीवरील स्पर्धांत मी पाहिलेली आहे.

पहिल्या कसोटीनंतरही बरोबरी राहिली तर सुरुवातीपासून शेवटच्या पार केलेल्या उंचीपर्यंतच्या सर्व फुल्या मोजतात. २.१२ वरच्या तीन-तीन फुल्या त्यात येत नाहीत, कारण ती उंची कोणी पार केलेली नाही. उरतात कांस्यविजेत्याची २.०५ वरची एक फुली आणि आपल्या खेळाडूच्या दोन : १.९५ वर एक, २.०५ वर एक. तिथे पदक गेले.

आता १.९५ वरची ती फुली नसती तर काय झाले असते? दोघांच्या फुल्या एकेक झाल्या असत्या आणि बरोबरी तशीच राहिली असती. पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी झाली तरच एकेक उडीची निर्णायक फेरी, म्हणजे जंप-ऑफ, घेतात. इतर कोणत्याही क्रमांकावर ती घेत नाहीत, बरोबरीतल्या सर्वांना तोच क्रमांक देतात. म्हणजे दोघेही तिसरे आले असते, दोघांनाही कांस्यपदक मिळाले असते. आपल्या मुलाला समोरच्यापेक्षा एक सेंटिमीटरही जास्त उडण्याची गरज नव्हती. स्वतःच्या सर्वोत्तम उंचीपेक्षा पंधरा सेंटिमीटर खाली असलेली काठी त्याने पहिल्या प्रयत्नात पाडली नसती, एवढेच पुरेसे होते.

उंची आणि क्रमांक

उंच उडीत उंची आणि क्रमांक या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे मुलांना फार उशिरा कळते. विक्रमाच्या नोंदीत केवळ उंची पाहतात. वीस वर्षांखालील गटाचा २.३७ मीटरचा जागतिक विक्रम दोघांच्या नावावर आहे : युगोस्लाव्हियाच्या द्रागुतिन टोपिचने १९९० मध्ये प्लोव्हदिव्ह येथे आणि ब्रिटनच्या स्टीव्ह स्मिथने १९९२ मध्ये सोल येथे, दोघांनीही जागतिक कनिष्ठ स्पर्धेतच ही उंची पार केली. विक्रमाच्या पुस्तकात दोघे शेजारी शेजारी उभे आहेत, कोणाला किती प्रयत्न लागले याची तिथे चौकशी नाही. स्पर्धेत मात्र तसे नसते. स्पर्धेत प्रत्येक फुली शेवटपर्यंत खात्यावर राहते, ती पुसण्याची सोय नाही.

याच २.३७ मीटरवर टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ च्या ऑगस्टमध्ये कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जियानमार्को टांबेरी यांची बरोबरी झाली. त्यांच्या फुल्यांचा हिशेबही सारखाच निघाला आणि दोघांनी निर्णायक फेरी न घेता सुवर्णपदक वाटून घेतले. पॅरिसमध्ये २०२४ ला न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवन यांच्यात अशीच बरोबरी झाल्यावर निर्णायक फेरी झाली आणि केर जिंकला. ही दोन उदाहरणे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात, कारण त्यांच्या चित्रफिती सर्वांनी पाहिलेल्या असतात. मला अधिक शिकण्याजोगे वाटते ते २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतील तेजस्विन शंकरचे कांस्यपदक. त्याने २.२२ मीटर पार केले, तेवढीच उंची आणखी स्पर्धकांनी पार केली होती आणि तिथे फुल्यांचा हिशेब तेजस्विनच्या बाजूने लागला. राष्ट्रकुल स्पर्धेतील उंच उडीचे भारताचे ते पहिले पदक २.२२ पर्यंत स्वच्छ उड्या मारल्यामुळे मिळाले. आपल्या सिन्नरच्या मुलाचे गेलेले पदक ही त्याच हिशेबाची दुसरी बाजू आहे.

फुली का पडली?

काही जणांचे म्हणणे असे पडले की सुरुवातच १.९५ वर करायला नको होती. कांस्यविजेत्याने आणि पाचव्या खेळाडूने ती उंची सोडली होती, मग आपल्या मुलानेही सोडली असती तर ही फुली पडलीच नसती. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिल्यावर माझे मत वेगळे झाले. ती उडी उंचीमुळे फसलेली नव्हती. कंबर काठीच्या कितीतरी वर गेलेली स्पष्ट दिसते. काठी पडली ती वर जातानाच, पाठीचा वरचा भाग लागून. याचा अर्थ पाय काठीच्या फार जवळ टेकला होता आणि उडीचा सर्वोच्च बिंदू काठीच्या पलीकडे गेला होता. अशी उडी १.९५ वरही फसते आणि १.८० वरही फसू शकते. तो २.०० वर सुरुवात करता, तर हीच फुली २.०० समोर पडली असती आणि हिशेब तोच राहिला असता.

पाय जवळ का टेकला, हा खरा प्रश्न आहे. फॉसबरी पद्धतीत, म्हणजे काठीवरून पाठीच्या बाजूने जाण्याच्या पद्धतीत, खेळाडू आधी सरळ आणि शेवटची चार-पाच पावले वळणावर धावतो. वळणावर शरीर आतल्या बाजूला कलते आणि तो कल टेक-ऑफच्या, म्हणजे जमीन सोडण्याच्या, क्षणी सरळ होताना शरीर काठीवरून फिरते. हे सगळे गणित सुरुवातीच्या खुणेवर अवलंबून आहे. प्रत्येक पाऊल दोन-तीन सेंटिमीटरने लांब पडले तरी दहा पावलांच्या धावेत शेवटचा पाय वीत-दीड वीत पुढे जातो. स्पर्धेच्या दिवशी, विशेषतः पहिल्या उडीला, अंगात जोर अधिक असतो, पावले आपोआप लांब पडतात. सरावात बरोबर असलेली खूण त्या दिवशी जवळची ठरते. हे अनुभवी उडीपटूंना माहीत असते आणि ते सरावाच्या उड्यांत खूण सरकवून घेतात.

आपल्या मुलाला तेवढा अवकाश मिळाला नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूला आधी कॉल रूममध्ये हजेरी लावावी लागते, तिथे स्पाइक्स, पोशाख, पिशवी यांची तपासणी होते, मोबाइल आत नेता येत नाही. मग पंच सर्वांना रांगेने मैदानात नेतात, सरावाच्या मोजक्या उड्या होतात, त्यानंतर काठी पहिल्या उंचीवर चढवतात, खेळाडूंची ओळख करून देतात आणि मग नंबराप्रमाणे एकेकाला पुकारतात. या मुलाचा नंबर शेवटून दुसरा होता. सरावाची शेवटची उडी आणि पहिली खरी उडी यांच्यात बराच वेळ गेला आणि त्या वेळात तो बहुतेक बाकावर बसून राहिला, हे चित्रफितीत दिसते. अंग गार पडलेले, मन मात्र तापलेले, अशा अवस्थेत तो धावला. नाव पुकारल्यावर एका मिनिटात उडी सुरू करावी लागते. आमच्याकडे सरावात कोणी घड्याळ लावत नाही.

खुणेचा एक वेगळा मुद्दाही त्यात आहे. नियमाप्रमाणे धावेसाठी दोन खुणा ठेवता येतात, पण खडू किंवा पुसला न जाणारा कोणताही पदार्थ चालत नाही. आयोजकांनी दिलेल्या खुणा किंवा चिकटपट्टी वापरायची असते. नाशिकच्या मैदानावर मुले चुन्याची फक्की किंवा खडू वापरतात. खुणा दोनच्या ऐवजी चार-पाच असतात, वळण सुरू होते तिथेही एक रेघ ओढलेली असते. या मुलालाही तीच सवय होती. परदेशात वळणाची रेघ नव्हती आणि तिच्याशिवाय पहिल्याच उडीला त्याचे वळण थोडे उशिरा सुरू झाले. वळण उशिरा सुरू झाले की धाव काठीकडे अधिक सरळ येते आणि कल कमी पडतो. पाठ लागण्याचे हे दुसरे कारण.

पहिल्या उडीनंतर तो कठड्याजवळ गेला. मैदानाबाहेरच्या प्रशिक्षकाशी बोलायला आणि बाहेरूनच दाखवलेली चित्रफीत पाहायला नियमाची परवानगी आहे. तिथे संघाबरोबर गेलेले प्रशिक्षक उभे होते. त्यांनी खूण अर्धे पाऊल मागे घ्यायला सांगितले, मुलाने ती घेतली आणि दुसऱ्या प्रयत्नात काठीवरून जवळजवळ हातभर अंतर ठेवून तो गेला. ही दुसरी उडी पाहिल्यावर पहिल्या उडीविषयी शंका राहत नाही. संघाच्या प्रशिक्षकांनी आपले काम चोख केले, एवढे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. मात्र हा मुलगा उत्तेजित झाला की त्याची पावले लांब पडतात, ही गोष्ट नाशिकमध्ये सर्वांना ठाऊक होती आणि ती लेखी स्वरूपात त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. खेळाडू राष्ट्रीय शिबिरात जातो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या धावेची मापे, सवयी आणि नेहमीचे दोष यांची एक वही जायला हवी.

२.०५ वरची फुली वेगळ्या जातीची आहे. तिथे कंबर वर गेली होती, पण पाय उचलायला उशीर झाला आणि पोटरी लागली. स्वतःच्या मर्यादेच्या जवळ असे घडतच असते. कांस्यविजेत्याचीही फुली तिथेच पडली. हिशेबात दोन्ही फुल्यांचे वजन सारखे असले तरी प्रशिक्षकाच्या दृष्टीने ते सारखे नाही. २.०५ वरची फुली टाळण्यासाठी वर्षभराची ताकद आणि तंत्र लागते. १.९५ वरची टाळण्यासाठी एक चिकटपट्टी, एक घड्याळ आणि योग्य वेळी केलेल्या दोन-तीन दौडी पुरल्या असत्या.

दोन वाटा होत्या का?

या प्रकरणात दोन क्षण असे आहेत जिथे मुलाला निर्णय घ्यायचा होता. पहिला क्षण १.९५ वर फुली पडल्यानंतरचा. तो ती उंची सोडून उरलेले दोन प्रयत्न २.०० साठी राखू शकला असता. पण फुली तशीही खात्यावर राहिली असती आणि पुढच्या उंचीवर तीनऐवजी दोनच संधी मिळाल्या असत्या, कारण उंची कोणतीही असो, सलग तीन फुल्या पडल्या की खेळाडू बाद होतो. त्याने उडी घेतली, हे योग्यच केले.

दुसरा क्षण २.१२ वरचा आहे आणि तो अधिक विचार करायला लावणारा आहे. तोपर्यंत दोन खेळाडू २.१२ पार करून पुढे गेले होते : एकाने पहिल्या प्रयत्नात, दुसऱ्याने दुसऱ्या. कांस्यविजेता नंबराने आपल्या खेळाडूच्या आधी होता आणि त्याची तिसरी उडीही फसलेली होती. आपल्या खेळाडूच्या दोन उड्या फसल्या होत्या आणि एक उरली होती. ती २.१२ वर घ्यायची, की २.१५ साठी राखायची? उडी फसली तर तो चौथा, हे त्या क्षणी निश्चित होते. २.१२ पार झाली तर तो निदान तिसरा, हेही निश्चित होते. २.१५ साठी राखली असती तर पार झाल्यावर अधिक वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता होती, पण ती उंची त्याच्या सर्वोत्तम कामगिरीपेक्षा पाच सेंटिमीटर अधिक होती. पदक तीन सेंटिमीटर अलीकडे उपलब्ध असताना पलीकडे जाण्यात शहाणपण नव्हते. त्याने २.१२ वर उडी घेतली आणि टाच लागून काठी पडली.

बर्मिंगहॅममध्ये तेजस्विनने याच्या उलट केले होते. २.२५ वर दोन उड्या फसल्यावर त्याने शेवटचा प्रयत्न २.२८ साठी राखला होता, कारण कांस्य त्याच्या हातात आधीच आलेले होते आणि रौप्यासाठी त्याला अधिक उंचीच हवी होती. तो प्रयत्नही फसला, तरी निर्णय बरोबर होता. दोघांची परिस्थिती एकसारखी दिसते, पण हिशेब वेगळा असल्यामुळे उत्तर वेगळे येते. आपल्या मुलाला हा हिशेब येत होता का, हे मी त्याला परतल्यावर विचारले. तो म्हणाला, "सर, मला फक्त एवढंच माहीत होतं की पार झालो तर पदक आहे. आधीच्या फुलीमुळे मी मागे आहे, हे कळलं नव्हतं." म्हणजे निर्णय योग्य झाला, पण पूर्ण माहितीवर झाला नाही. २.०९ ची उडी पहिल्याच प्रयत्नात पार केल्यावर आपण तिसरे आहोत असे त्याला वाटत होते, आणि २.१२ वरच्या पहिल्या दोन उड्या त्याने त्या समजुतीत घेतल्या. तेव्हा त्याला खरी स्थिती कळली असती तर उडी बदलली असती का, हे सांगता येणार नाही. पण आपण कितव्या क्रमांकावर आहोत हे खेळाडूला माहीत असणे हा त्याच्या तयारीचाच भाग आहे, असे मी ठामपणे मानतो.

नाशिकचा भाग

कनिष्ठ गटाच्या मोठ्या स्पर्धा बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये येतात. तेव्हा नाशिकमध्ये पाऊस असतो. उंच उडीची गादी आतून फोमची असते, ती एकदा भिजली की दिवसेंदिवस वाळत नाही, जड होते, कडेने दबते. ताडपत्री टाकली तरी खालून ओल येते. टेक-ऑफची जागा निसरडी झाली की मुले नकळत वेग कमी करतात, वळणावर कलायला घाबरतात आणि तीच मंद धाव अंगवळणी पडते. स्पर्धेच्या कोरड्या, कडक, नव्या ट्रॅकवर त्याच खुणेवरून धावले की पाय पुढे पडतो. १.९५ वरच्या फुलीत पावसाचा हा वाटा मला नाकारता येत नाही. पावसाळ्यातल्या आमच्या सरावात पूर्ण धावेच्या उड्या फार कमी झाल्या होत्या. बहुतेक काम जिममध्ये, पायऱ्यांवर आणि छोट्या धावेवर झाले होते. ताकद वाढली, खूण जुनीच राहिली.

असे म्हटले की लगेच साधनांच्या अभावाकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. तो मोह मी आवरतो, कारण याच जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या देवगावचा सर्वेश कुशारे आहे. मक्याचा भुसा भरून केलेल्या गादीवर त्याने उड्या मारायला सुरुवात केली, पुढे तो सैन्यदलात गेला, पॅरिस ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर पार करून सहावा आला. जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. त्यामुळे चांगली गादी नाही म्हणून पदक गेले, असे सिन्नरच्या मुलाच्या बाबतीत म्हणण्यात अर्थ नाही. चांगली गादी हवीच, ती मिळावी म्हणून भांडायलाही हवे. पण चिकटपट्टी आणि घड्याळ यांना अनुदान लागत नाही.

या प्रकरणानंतर आमच्या गटाचा आठवड्यातला एक सराव बदलला आहे. मुले पूर्ण वॉर्म-अप करतात, खुणा चिकटपट्टीने लावतात, दोनच लावतात, मग त्यांना बसवून ठेवतात. किती वेळ ते आधी सांगत नाहीत. नाव पुकारले की मिनिटाच्या आत एकच उडी, आणि त्या दिवसापुरती तीच मोजायची. सुरुवातीला चांगली चांगली मुले १.८० पाडू लागली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य दिसले, ते पाहून या सरावाची गरज अधिकच पटली. थांबलेल्या वेळात अंग गरम कसे ठेवायचे हे हळूहळू मुलांनीच शोधले : कोणी वळणाच्या छोट्या दौडी घेतो, कोणी जागेवर गुडघे उचलतो, एक मुलगी डोळे मिटून हातांनी आपले वळण रेखाटत राहते. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि तो तसाच राहू दिला आहे.

महिन्यातून एकदा आपसात स्पर्धा होते. तिचा तक्ता मुलेच आळीपाळीने लिहितात. मध्येच स्पर्धा थांबवून एखाद्याला विचारतात : आत्ता तू कितवा, आणि का? उत्तर चुकले तर उडी बंद नाही, पण तक्ता लिहिण्याची पुढची पाळी त्याची. तीन-चार वेळा तक्ता लिहिला की फुल्यांचा हिशेब डोक्यात पक्का बसतो, पुस्तकातला नियम वाचून तसा बसत नाही.

एका प्रश्नावर मात्र आमच्यात एकमत झालेले नाही. काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की २.१० च्या उडीपटूने यापुढे २.०० च्या खाली सुरुवात करूच नये. कमी उड्या म्हणजे कमी थकवा आणि फुली पडण्याच्या जागाही कमी. या स्पर्धेत आपला खेळाडू एकूण नऊ उड्या मारून २.१२ वर थांबला आणि कांस्यविजेता सातच मारून, हा आकडा त्यांच्या बाजूने आहे. माझे म्हणणे असे आहे की सुरुवातीची उंची सर्वोत्तम कामगिरीवरून ठरवूच नये. पहिल्या प्रयत्नात, थांबून राहिल्यानंतर, अनोळखी पृष्ठभागावर तो कोणती उंची खात्रीने पार करतो, यावरून ठरवावी. त्यासाठी आता प्रत्येकाच्या पहिल्या उडीची वेगळी नोंद ठेवली जात आहे. हा मुलगा पुढच्या जानेवारीत वयाने वरच्या गटात जाईल आणि तिथे स्पर्धा बहुधा त्याच्या सध्याच्या सर्वोत्तम उंचीच्या आसपासच सुरू होईल. तेव्हा १.९५ की २.०० हा वाद त्याच्यापुरता उरणारही नाही. पहिल्या उडीची ती नोंद मात्र त्याच्याबरोबर वहीतून पुढे जाईल, आणि शिबिराला निघण्यापूर्वी तिची एक प्रत संघाच्या प्रशिक्षकांकडे पाठवायची असे ठरले आहे.